गावे पाच, रेघा चार

१. नेहमीचा प्रश्न

"यादीतली नावं लूप लावून जोडली. सगळं बरोबर आलं, फक्त शेवटी एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला. तो कसा घालवायचा?"

प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केली की हा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. विचारणाऱ्याला तो किरकोळ वाटतो. सांगणाराही बहुतेक वेळा "शेवटचं अक्षर कापून टाक" म्हणून मोकळा होतो. त्या उत्तराने काम भागते, पण स्वल्पविराम तिथे आला कसा हे कळत नाही. मग तीच चूक पुढच्या प्रोग्राममध्ये वेगळ्या वेषात भेटते. म्हणून या प्रकरणात आपण त्या एका जास्तीच्या चिन्हाच्या मागेच लागणार आहोत.

उदाहरण हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीचे घेऊ. अकोला, वाशीम, हिंगोलीकडून नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ कळमनुरीवरून जातो. समजा, कळमनुरीहून नांदेडला निघालेल्या एसटीसाठी आपल्याला संगणकावर पाटी तयार करायची आहे. वाटेतली मोठी गावे धरून ती अशी दिसायला हवी:

कळमनुरी – आखाडा बाळापूर – वारंगा फाटा – अर्धापूर – नांदेड

गावे पाच, मधल्या रेघा चार. सगळी भानगड या दोन आकड्यांतल्या फरकात आहे.

२. आधी तीन शब्द

स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची, चिन्हांची माळ. प्रोग्राममध्ये ती अवतरणचिन्हांत लिहितात: "कळमनुरी". "आखाडा बाळापूर" हीसुद्धा एकच स्ट्रिंग. मधली मोकळी जागा हेही संगणकाच्या लेखी एक चिन्हच. अवतरणांत काहीच नसले, "" असे असले, तरी ती स्ट्रिंगच, फक्त रिकामी.

लिस्ट म्हणजे क्रमाने ठेवलेल्या गोष्टींची यादी. आपल्या लिस्टमध्ये पाच स्ट्रिंग आहेत.

लूप म्हणजे तेच काम यादीतल्या एकेका गोष्टीसाठी पुन्हापुन्हा करायला लावणारी सूचना. गावे पाच असतील तर लूपचे फेरे पाच.

स्ट्रिंगांमध्ये + हे चिन्ह घातले की त्या एकमेकींना चिकटतात. "वारंगा" + "फाटा" याचे उत्तर "वारंगाफाटा". संगणक मधली जागा आपणहून सोडत नाही. हवी असेल तर ती आपण द्यायची. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा: ५ + ५ चे उत्तर १०, पण "५" + "५" चे उत्तर "५५". अवतरणे आली की आकड्याचा आकडेपणा गेला. हिंगोली जिल्ह्यातल्या गाड्यांच्या नंबरची सुरुवात करायला "एमएच" या स्ट्रिंगला ३८ हा आकडा जोडायला जाल, तर पायथन भाषा सरळ एरर देते. आधी ३८ ची "३८" करून घ्यावी लागते. जावास्क्रिप्ट मात्र काही न बोलता जोडून देते. नवशिक्याला जावास्क्रिप्ट प्रेमळ वाटते ती अशामुळेच. मला विचाराल तर पायथनचा कडकपणा बरा, कारण चूक तिथल्या तिथे कळते.

या प्रकरणातले प्रोग्राम मी मराठी वाक्यांत लिहिले आहेत. पायथन, जावा यांसारख्या भाषांत ते जवळजवळ ओळीला ओळ लावून उतरवता येतील.

३. रिकाम्या पाटीपासून

पहिला प्रयत्न बहुतेक सगळे असाच करतात:

गावे = ["कळमनुरी", "आखाडा बाळापूर", "वारंगा फाटा", "अर्धापूर", "नांदेड"]
पाटी = ""
गावे या यादीतल्या प्रत्येक गावासाठी:
  पाटी = पाटी + गाव + " – "
पाटी दाखव

चौथ्या ओळीतले = हे चिन्ह गणितातल्या बरोबरीचे नाही. त्याच्या उजवीकडे जे तयार होईल ते डावीकडच्या नावाखाली ठेव, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आतापर्यंतची पाटी घे, तिला गावाचे नाव चिकटव, मग रेघ चिकटव आणि या सगळ्याला पुन्हा "पाटी" म्हण.

दुसऱ्या ओळीत पाटी रिकामी का केली? बेरीज करताना आपण शून्यापासून सुरुवात करतो, कारण शून्य मिळवल्याने काही बदलत नाही. स्ट्रिंग जोडताना तेच काम रिकामी स्ट्रिंग करते. ही ओळ विसरली तर पहिल्याच फेऱ्यात संगणक विचारतो, "कोणती पाटी?" आणि तीच ओळ चुकून लूपच्या आत गेली, तर प्रत्येक फेऱ्यात पाटी पुसली जाते आणि शेवटी "नांदेड – " एवढेच उरते. सगळी गावे गायब होऊन फक्त शेवटचे दिसत असेल, तर आधी ही ओळ कुठे बसली आहे ते पाहावे.

आता प्रत्येक फेऱ्यानंतर पाटीवर काय असते ते कागदावर लिहून काढू:

पहिला फेरा: "कळमनुरी – "
दुसरा: "कळमनुरी – आखाडा बाळापूर – "
तिसरा: "कळमनुरी – आखाडा बाळापूर – वारंगा फाटा – "
चौथा: "कळमनुरी – आखाडा बाळापूर – वारंगा फाटा – अर्धापूर – "
पाचवा: "कळमनुरी – आखाडा बाळापूर – वारंगा फाटा – अर्धापूर – नांदेड – "

नांदेडनंतरही रेघ आहे. पाटी वाचणाऱ्याला वाटेल, गाडी पुढेही कुठेतरी जाते.

४. ती रेघ आली कुठून?

लूपचा दोष नाही. आपण त्याला प्रत्येक गावामागे एक रेघ द्यायला सांगितले, त्याने पाच गावांमागे पाच रेघा दिल्या. रेघ गावाची नसते, दोन गावांमधल्या अंतराची असते, आणि अंतरे चारच आहेत. शेताच्या बांधावर तारेचे कुंपण घालताना हाच हिशेब असतो: एका सरळ रेषेत पाच खांब रोवले तर मधले गाळे चार. खांबांइतकेच गाळे धरून तार विकत आणली की एका गाळ्याची तार उरते. प्रोग्रामर मंडळी या जातीच्या चुकीला 'कुंपणाच्या खांबाची चूक' असेच म्हणतात, आणि जगभरातले अनुभवी लोकही ती करतात.

उरलेली तार कापून टाकायची, हा पहिला उपाय. पूर्ण झालेल्या पाटीचे शेवटचे चिन्ह काढून टाका, असे सांगितले जाते. पण आपला दुवा, म्हणजे नावांना जोडणारी स्ट्रिंग " – ", एका चिन्हाचा नाही. मोकळी जागा, रेघ, मोकळी जागा अशी ती तीन चिन्हे आहेत. एकच कापले तर रेघ तशीच राहते, फक्त तिच्यामागची न दिसणारी जागा जाते. शिकणारा पडद्याकडे पाहून म्हणतो, "कापलं तरी जात नाही!" उद्या कोणी रेघेऐवजी स्वल्पविराम घातला की कापायच्या चिन्हांचा आकडाही बदलायला हवा, आणि तो बदलायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. यादीत एकही गाव नसेल तर कापायला काही नसतेच. काही भाषा अशा वेळी एरर देतात, काही चूप बसतात. जास्तीचे आधी जोडायचे आणि मग खोडायचे, हा उपाय मला आवडत नाही.

५. "शेवटचे आहे का?" की "पहिले आहे का?"

दुसरा उपाय सुचतो तो असा: लूपमध्येच विचारायचे, हे शेवटचे गाव आहे का? नसेल तरच रेघ लावायची. विचार योग्य आहे, पण विचारायचे कसे इथे पाय घसरतो. सोपे म्हणून असे लिहिले जाते:

गाव हे "नांदेड" नसेल तर रेघ जोड

कळमनुरी–नांदेडच्या पाटीवर हे चालते. आता कळमनुरीहून वारंगा फाट्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या फेरीची पाटी करा. यादी अशी: कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी. शेवटचे गाव कळमनुरी, म्हणून अटीतही "कळमनुरी" लिहिले; पण पहिलेही कळमनुरीच. प्रोग्राम पहिल्याच फेऱ्यात म्हणतो, "हे शेवटचे", आणि रेघ न लावता पुढे जातो:

कळमनुरीआखाडा बाळापूर – वारंगा फाटा – आखाडा बाळापूर – कळमनुरी

नावावरून जागा ओळखायला गेलो की असे होते. त्याऐवजी यादीतला क्रमांक पाहावा. पण पायथन, जावा, सी या भाषा मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. पाच गावांचे क्रमांक ० ते ४. "क्रमांक ५ आहे का?" असे विचारले तर उत्तर कधीच 'हो' येत नाही आणि शेवटची रेघ पुन्हा हजर! एक चूक टाळताना तिचीच बहीण घरात येते.

तिसरा उपाय मला यापेक्षा बरा वाटतो. रेघ गावाच्या मागे न लावता पुढे लावायची, आणि प्रश्न उलटा करायचा: हे पहिले गाव आहे का? फरक वरवरचा नाही. समजा, सगळी यादी आपल्या हातात नाही; एकेक थांबा कुठून तरी येतो आहे, जसजसे कोणी टाइप करील तसतसा. अशा वेळी आत्ता आलेले गाव शेवटचे आहे की नाही हे आपल्याला माहीत असू शकत नाही. याआधी एखादे गाव येऊन गेले की नाही, हे मात्र नेहमी माहीत असते. मागचे ठाऊक असते, पुढचे नसते. म्हणून प्रोग्रामला मागचेच विचारावे.

त्यासाठी पुष्कळ जण "पाटी अजून रिकामी आहे का?" असे विचारतात. एसटीच्या पाटीला ते पुरेल. तक्त्याच्या ओळींना ते पुरत नाही. नाव, वडिलांचे नाव, गाव असे तीन रकाने स्वल्पविरामांनी जोडायचे आहेत आणि पहिला रकाना भरलेलाच नाही. पहिल्या फेऱ्यानंतरही ओळ रिकामीच असते, त्यामुळे दुसऱ्याच्या आधी स्वल्पविराम पडत नाही, आणि वडिलांचे नाव सरकून मुलाच्या रकान्यात जाऊन बसते.

या सगळ्यातून सुटणारी एक युक्ती आहे. मला ती फार आवडते, कारण तिच्यात काही विचारावेच लागत नाही:

पाटी = ""
दुवा = ""
गावे या यादीतल्या प्रत्येक गावासाठी:
  पाटी = पाटी + दुवा + गाव
  दुवा = " – "

पहिल्या फेऱ्यात दुवा रिकामा असतो, म्हणून "कळमनुरी"च्या आधी काहीच लागत नाही. फेरा संपता संपता दुवा रेघेचा होतो. पुढच्या प्रत्येक गावाआधी रेघ लागते, आणि नांदेडनंतर लूपच संपतो. परतीच्या फेरीतले दोनदा आलेले कळमनुरी असो, रिकामा रकाना असो किंवा वेगळ्या लांबीचा दुवा असो, या पाच ओळींची मांडणी बदलावी लागत नाही.

६. गावच नसेल तर?

प्रोग्राम तपासताना पाच गावांची यादी देऊन थांबू नये. एक गाव देऊन पाहावे, आणि एकही न देता पाहावे. एका गावाला शून्य रेघा, हे सूत्राप्रमाणेच आहे: एकातून एक वजा. पण शून्य गावांना सूत्र लावले तर उत्तर येते उणे एक, आणि उणे एक रेघ कोणी काढू शकत नाही! "रेघा म्हणजे गावांपेक्षा एक कमी" हा नियम निदान एक गाव असल्यावरच लागू होतो. वरची दुव्याची युक्ती दोन्ही वेळा नीट वागते. एका गावाला फक्त त्याचे नाव देते आणि शून्य गावांना रिकामी पाटी.

७. मराठी वाक्यातले "आणि"

पाटीवर रेघा शोभतात, वाक्यात नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचे तालुके वाक्यात लिहायचे तर आपण असे लिहू:

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ

अंतरे चारच आहेत, पण पहिल्या तीन अंतरांत स्वल्पविराम आणि शेवटच्यात "आणि". आता मात्र शेवटचे कोणते हे माहीत असल्यावाचून गत्यंतर नाही. पाचव्या भागात ज्याला टाळले तोच प्रश्न भाषेने समोर आणून ठेवला. उपाय असा: यादीतले शेवटचे नाव बाजूला काढून ठेवायचे, उरलेली आपल्या युक्तीने स्वल्पविराम लावून जोडायची, मग " आणि " जोडून बाजूला ठेवलेले नाव लावायचे. दोनच तालुके असतील तर स्वल्पविराम येत नाही: "कळमनुरी आणि वसमत". एकच असेल तर "आणि" लागत नाही, आणि हे मात्र वेगळे तपासावे लागते. नाहीतर पडद्यावर " आणि कळमनुरी" असे उमटते.

मराठीत आपण "आणि"च्या आधी स्वल्पविराम सहसा देत नाही. इंग्रजीत तो द्यावा की नाही यावर कडाक्याचे वाद आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात दुधाची वाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरांचा जादा कामाच्या पगाराचा खटला कायद्यातल्या एका यादीत तो स्वल्पविराम नसल्यावर येऊन ठेपला. २०१७ साली अपील न्यायालयाचा निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने गेला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

८. पोटात मोकळी जागा असलेली नावे

रेघ, स्वल्पविराम कशाला? नुसती मोकळी जागा सोडून नावे जोडली तर?

कळमनुरी आखाडा बाळापूर वारंगा फाटा अर्धापूर नांदेड

या भागातल्या माणसाला ही पाटी नीट वाचता येते. परमुलखातला मात्र आखाडा एक गाव आणि बाळापूर दुसरे समजेल, आणि संगणक कायमचाच परमुलखातला. ही स्ट्रिंग मोकळ्या जागांवर तोडून पुन्हा यादी करायला सांगितली, तर तो पाच गावांचे सात तुकडे करतो. औंढा नागनाथचेही तेच होईल. जोडलेले पुन्हा सोडवायचे असेल, तर दुवा म्हणून असे चिन्ह घ्यावे जे नावांच्या पोटात येत नाही.

स्वल्पविरामाचा दुवा घेतला की हीच अडचण पत्त्यांत येते. एकाच रकान्यात "रा. डोंगरकडा, जि. हिंगोली" असे लिहिलेले असते, आणि संगणक त्याचे दोन रकाने करतो. तक्ते स्वल्पविरामांनी जोडून साठवायची पद्धत जुनी आहे. तिचे नियम २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून काढले गेले. त्यांतला एक नियम असा: रकान्याच्या आत स्वल्पविराम असेल, तर पूर्ण रकाना दुहेरी अवतरणांत गुंडाळावा.

९. जोडणे म्हणजे संधी नव्हे

पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे बहुधा इंग्रजी असतात. तिथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह हा हिशेब बहुतेक जमतो. आपल्याकडे तो जमत नाही, आणि मराठीत प्रोग्राम लिहिणाऱ्याला याचा पहिला धक्का लूपमध्येच बसतो.

लूप यादीवर चालतो तसा एका स्ट्रिंगवरही चालतो. फेऱ्याला एक चिन्ह घेतो. "कळमनुरी" या शब्दाच्या अक्षरांमध्ये छोट्या रेघा घालायच्या आहेत. आपण बोटावर मोजतो: क, ळ, म, नु, री. अक्षरे पाच, रेघा चार. पण पायथनला या स्ट्रिंगची लांबी विचारली तर तो सात सांगतो, आणि रेघा घातल्यावर हे दिसते:

क-ळ-म-न-ु-र-ी

उकार आणि वेलांटी आपापल्या अक्षरांपासून तुटून लोंबकळतात. बहुतेक पडद्यांवर त्यांच्या शेजारी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तिच्यात काना, मात्रा, उकार, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून "नु" म्हणजे दोन चिन्हे: न आणि मग उकार. "हिंगोली"तल्या "हि"मध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना ह च्या आधी दिसते, पण साठवताना ती ह च्या नंतर येते. "हिंगोली" म्हणताना आपण तीन अक्षरे मोजतो, संगणकाकडे तिथेही सात चिन्हे असतात.

वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटते तेवढा गट एकत्र कसा धरायचा, याचेही युनिकोडचे नियम आहेत. ॲपलची २०१४ साली आलेली स्विफ्ट ही भाषा लांबी मोजताना हेच गट मोजते, त्यामुळे "कळमनुरी"ची लांबी ती पाच सांगते. जोडाक्षरांची गोष्ट अधिक अवघड होती. "अर्धापूर" हा शब्द आपण अ, र्धा, पू, र असा चार अक्षरांचा मोजतो. युनिकोडचे जुने नियम "र्धा"ला हलन्तापाशी तोडून त्याचे पाच गट करत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीपासून देवनागरीतली जोडाक्षरे एकत्र धरायचा नियम आला. अर्थात तुमच्या संगणकातले सॉफ्टवेअर त्यानंतरचे असेल तरच.

चिन्हे तोडताना जसा घोळ होतो, तसा जोडतानाही होतो, आणि तिथे तो मजेशीर आहे. "सत्" आणि "कार" या दोन स्ट्रिंग मध्ये दुवा न घालता जोडा. पहिलीचा हलन्त दुसरीच्या क ला भेटतो आणि पडद्यावर आपोआप "सत्कार" उमटते. चिन्हांची बेरीज बरोबर आहे, तीन आणि तीन सहा. अक्षरांची मात्र दोन आणि दोन तीन! "सत्" मधले त् आणि "कार" मधले का मिळून एक जोडाक्षर झाले.

यावरून संगणकाला व्याकरण येते असा ग्रह करून घेऊ नये. "जगत्" आणि "नाथ" जोडले तर "जगत्नाथ" मिळते, "जगन्नाथ" नाही. "विद्या" आणि "आलय" मिळून "विद्याआलय" होते. संधीचे नियम लूपला कोणी शिकवलेले नाहीत. तो चिन्हामागे चिन्ह ठेवतो, एवढेच. "सत्कार" जुळला तो लिपी पडद्यावर मांडणाऱ्या फॉन्टमुळे.

१०. यादी लांबली की

पाच गावांसाठी आतापर्यंतचे सगळे ठीक आहे. दहा हजार नावांची मतदारयादी एका स्ट्रिंगमध्ये जोडायची असेल तर?

पायथन आणि जावा या भाषांत एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. "पाटी = पाटी + गाव" म्हटले की जुन्या पाटीला शेपूट जोडली जात नाही; नवी पाटी घेऊन तिच्यावर जुना सगळा मजकूर उतरवला जातो, मग नवे नाव लिहिले जाते, आणि जुनी पाटी टाकून दिली जाते. प्रत्येक नाव दुव्यासकट दहा चिन्हांचे धरू. पहिल्या फेऱ्यात १० चिन्हे लिहावी लागतात, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०. हजार नावांना एकूण ५० लाख ५ हजार चिन्हे लिहून होतात. दहा हजार नावांना ५० कोटी ५० हजार. नावे दहापट झाली, लिहिणे जवळजवळ शंभरपट. प्रत्यक्ष हाती येणारी स्ट्रिंग मात्र फक्त एक लाख चिन्हांची.

म्हणून भाषांनी जोडणीचे तयार साधन दिले आहे. पायथनमध्ये त्याचे नाव जॉइन. देवनागरीत लिहायचे तर असे:

पाटी = " – ".जॉइन(गावे)

हे साधन आधी सगळ्या नावांची आणि दुव्यांची मिळून लांबी मोजते, तेवढी जागा एकदाच घेते आणि प्रत्येक चिन्ह एकदाच लिहिते. पाच गावे, चार रेघा हा हिशेबही तेच सांभाळते. दुवा आधी आणि यादी कंसात, ही उलटी मांडणी पाहून नवे लोक बुचकळ्यात पडतात. "यादीला सांगायचं ना, की जोड!" ही तक्रार इतकी नेहमीची की पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत तिला वेगळी जागा मिळाली आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन लोकांपुढे आणली, तरी जॉइनला हे रूप २००० साली मिळाले. जावाची पहिली आवृत्ती १९९६ ची, आणि तिच्यात यादी जोडायची अशी तयार सोय २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत आली. मधली अठरा वर्षे जावावाले रेघेची कटकट स्वतःच सोडवत होते, किंवा दुसऱ्या कोणी लिहिलेली साधने उसनी घेत होते.

एक खुलासा. पायथनवर हा प्रयोग करून पाहणाऱ्याला लूपसुद्धा भराभर चाललेला दिसेल, आणि वरचा हिशेब खोटा वाटेल. २००४ च्या २.४ या आवृत्तीपासून नेहमीच्या पायथनमध्ये एक आडवाट आहे. जुनी पाटी दुसऱ्या कोणी धरून ठेवलेली नसेल, तर शक्य तिथे तो तिलाच लांब करतो. पायथनच्या लेखनशैलीची अधिकृत नियमावली मात्र या आडवाटेवर विसंबू नका असे बजावते, कारण पायथनच्या सगळ्या रूपांत ती नाही.

मग लूपने जोडायला शिकायचेच कशाला? जॉइन फक्त जोडतो. त्याला मधले रिकामे रकाने गाळता येत नाहीत, "आणि" कुठे घालायचे ते कळत नाही, दहा नावांनंतर ओळ मोडायची असेल तर तेही त्याच्याने होत नाही. अशा कामाला लूपच लागतो, निदान यादी नीट करून त्याच्या हाती देण्यापुरता.

११. करून पाहा

दाखल्यावर छापायच्या पत्त्याचे पाच भाग यादीत आहेत: घर क्रमांक, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. खेड्यात पहिले दोन पुष्कळदा रिकामे असतात:

भाग = ["", "", "मु. पो. डोंगरकडा", "ता. कळमनुरी", "जि. हिंगोली"]

स्वल्पविरामाचा दुवा घेऊन नुसता जॉइन लावून पाहा. पत्त्याची सुरुवात दोन स्वल्पविरामांनी होईल. आता तोच दुवा ठेवून आपल्या दुव्याच्या युक्तीत एकच ओळ वाढवा: भाग रिकामा असेल तर पुढच्या भागाकडे जा. ही ओळ लूपच्या आत सगळ्यांत वर हवी, म्हणजे रिकाम्या भागाच्या फेऱ्यात दुवा बदलणार नाही. ती तळाला ठेवली तर काय छापले जाते, तेही कागदावर फेऱ्याफेऱ्याने लिहून काढा. ओळ जागच्या जागी बसली असेल तर उत्तर असे येईल:

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली